दगडी रेशीम

मी भिंतीवर डकवलेला एक कागद बोलतोय. अलेक्झांड्रियातल्या पाइपांच्या कारखान्यात, चहाच्या शेगडीशेजारी माझी जागा. कामगार संघटनेच्या बयूमीने मला छापून आणलं आणि खळ लावून स्वतःच्या हाताने चिकटवलं.

माझ्यावर लाल अक्षरं आहेत : ‘दगडी रेशीम छातीत साचतं, जीव घेतं. त्याच्या रिकाम्या गोण्या घरी नेऊ नका.’ पुस्तकातल्या अरबीत अॅस्बेस्टॉसला दगडी रेशीमच म्हणतात. शब्द शहरातल्या डॉक्टरांनी दिला होता. मला त्याचा केवढा अभिमान!

पण इथे त्या पांढऱ्या भुकटीला सगळे ‘पीठ’ म्हणतात. सिमेंट आणि पाणी घालून ती मळायची, म्हणून पीठ.

मेतवल्ली हा जुना मळणारा, सगळे त्याला ‘उस्ता’, म्हणजे उस्ताद, म्हणत. पहिल्याच दिवशी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मिशीवर तीच भुकटी. एक ओळ वाचली आणि खो खो हसला.

“रेशीम? अरे बयूमी, माझ्या बायकोने लग्नातसुद्धा रेशीम घातलं नाही! जा, कापडगिरणीत नेऊन लाव हे.”

“पुढे वाच ना, उस्ता!”

“रेशीमवाले वाचतील.” हसता हसता त्याला खोकला आला.

रोज सुट्टी झाली की तो दोन रिकाम्या गोण्या काखेत मारून जाई. लेक बाळंतपणाला आली होती. बाळासाठी त्या गोण्यांची गादी शिवायची होती. मी बघत राहायचो. कागदाला घसा असता तर ओरडून ओरडून फाटलो असतो! वाऱ्याने कोपरा तेवढा फडफडायचा, तोही कोणीतरी थुंकी लावून बसवायचं.

दोन महिने असे गेले. शेवटी बयूमी वैतागला. शेगडीतला विझलेला कोळसा उचलून त्याने माझ्या ‘दगडी रेशीम’वर काट मारली आणि वर लिहिलं : ‘पीठ’.

मेतवल्ली गोणी घेऊन निघालाच होता. थबकला. या वेळी त्याने शेवटपर्यंत वाचलं.

“बयूमी... हे आपलं पीठ?”

“दोन महिने दुसरं काय सांगतोय मी!”

“तू रेशीम सांगत होतास, बाबा.” त्याने हातातल्या गोणीकडे पाहिलं. “काल नात सात दिवसांची झाली, तिची सातवी केली. रीतीप्रमाणे चाळणीत घालून हलवलं तिला, गाणी म्हटली, आणि पुन्हा त्याच गादीवर निजवलं.”

गोणी टाकून तो घराकडे धावत सुटला.

ती गोणी अजून माझ्याखाली पडली आहे. मी एक अक्षरही खोटं बोललो नव्हतो, हीच तर माझी चिडचिड. आता मला खुशाल फाडा. पण दुसरा कागद छापाल, तेव्हा डॉक्टरांच्या आधी पीठ मळणाऱ्याला विचारा, बाबा, तू याला काय म्हणतोस?