जमिनीलगतचा वास

आर्वोने गुडघे टेकले, गाल फरशीला लागेल इतका वाकला, गॅसच्या फायरप्लेसच्या खालच्या जाळीशी नाक नेलं आणि दोनदा खोल श्वास घेतला.

"काही नाही. साफ आहे," तो म्हणाला आणि त्याचा अंगठा ठिणगीच्या बटणाकडे गेला.

लोरेन दारातच बूट काढत होती. वास तिला तिथवर आला. कुजलेल्या कोबीसारखा, गॅसचा.

"पप्पा, थांबा! हात काढा तिथून!"

आर्वोचा अंगठा जागच्या जागी थबकला. लोरेनने घरमालकीण ओल्गाबाईंना खुर्चीवरून उठवून तसंच बाहेर नेलं, दिव्याच्या बटणाला हातही न लावता. मग धावत घरामागे जाऊन टाकीची तोटी बंद केली, खिडक्या सताड उघडल्या. ओल्गाबाई शेजारणीकडे गेल्या. कॅनडातल्या थंडर बे शहराबाहेर, सरोवराकाठच्या या घरांमध्ये टाकीतला प्रोपेन गॅस वापरतात. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून पेटवण्याआधी फरशीशी नाक न्यायचं, मग सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं आणि मगच ठिणगी. हे तिला शिकवलं होतं आर्वोनेच, एप्रिलमध्ये, पहिल्याच दिवशी. फेब्रुवारीत तिचा नवरा टिमो हृदयविकाराने गेला, त्याआधी कागदाची गिरणी बंद पडून तिची नोकरी गेली होती. सेहेचाळिसाव्या वर्षी ती सासऱ्याच्या, म्हणजे आर्वोच्या, गाडीत टिमोच्या जागेवर बसली. चाळीस वर्षं गॅसदुरुस्तीच्या धंद्यात काढलेल्या आर्वोचा शब्द म्हणजे इथल्या लोकांना काळ्या दगडावरची रेघ.

गाडीपाशी दोघं उभी राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सर्दी झालीय गं जरा."

"पप्पा, मला वेड्यात काढू नका."

आर्वो टोपी हातात घेऊन तिची कड चिमटीत धरत राहिला.

"पाच वर्षं झाली. त्या तापानंतर गेला वास, तो आलाच नाही. कॉफीचा नाही, धुराचा नाही."

"आणि पाच वर्षं तुम्ही लोकांच्या घरात गॅस पेटवताय?"

"टिमो होता ना. तो आधी आत शिरायचा. त्याने मान हलवली की मी पुढे. कुणाला सांगू नकोस म्हणून मीच शपथ घातली होती त्याला. तुलासुद्धा नाही म्हणून."

"आणि एप्रिलपासून?"

"तू असायचीस जवळ. वाटलं, निभेल."

लोरेन गाडीच्या पायरीवर बसली. चार वर्षांपूर्वी टिमोला दूर कॅल्गरीत दुप्पट पगाराची नोकरी चालून आली होती. त्याने नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. आणि तिने त्याला काय काय नाही सुनावलं! बापाचं शेपूट, म्हणाली. बायकोपेक्षा बाप मोठा, म्हणाली. गेल्या नाताळला, पाहुण्यांच्या भरल्या पंगतीत, "हा पप्पांना विचारल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही," म्हणून हसली होती. टिमो उठून भांडी घासायला गेला होता. सात आठवड्यांनी तो गेला.

"एकदा तरी सांगायचंस रे टिमो," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "फार बोलले हो मी त्याला."

"माहीत आहे. मी पलीकडच्या खुर्चीवरच बसलो होतो," आर्वो म्हणाला. "आणि गप्प बसलो."

तिला त्याचा राग आला. तरी तिने हत्यारांची पेटी उचलली.

घर पुरतं मोकळं झाल्यावर तिने टाकी जराशी उघडली आणि साबणाचं पाणी लावलं. मागच्या लवचीक नळीच्या नटाशी बारीक बुडबुडे फुगले. टाकी पुन्हा बंद करून तिने नळी बदलली. आर्वोने विजेरी धरली. पुन्हा पाणी लावलं, बुडबुडा नाही. तिने फरशीशी नाक नेलं. वास नव्हता. पण पेटवायला हरकत नाही असं सांगायचा परवाना आर्वोचा, तिच्याकडे अजून तो कागद नव्हता.

ओल्गाबाई परत आल्या, त्यांच्यामागे दोन लहान नातवंडं. दरवर्षीसारखं त्यांनी आर्वोकडेच पाहिलं.

"काय आर्वो, तू म्हणालास की झालं. पेटवू ना बिनघोर?"

लोरेनने खाली पाहिलं. त्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गेली पाच वर्षं भागलंच होतं.

"मला विचारू नका, ओल्गा," आर्वो म्हणाला. "मला पाच वर्षं वास येत नाही. आज हिने ओरडून थांबवलं नसतं तर हे घर उडालं असतं. शहरातून दुसरा माणूस येऊन बघेपर्यंत पेटवू नका. त्याचा नंबर देतो."

ओल्गाबाईंनी नातवंडांना जवळ ओढलं. आर्वोने खिशातून परवान्याचं कार्ड काढून, "हे आता मला नको," म्हणत लोरेनच्या हातात दिलं आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

हे टिमोने ऐकायला हवं होतं, एवढंच लोरेनच्या मनात आलं. मग ती शहरातल्या त्या माणसाला फोन लावायला बाहेर गेली.