वासे फिरले, कडं नाही

सासरे राहायला यायच्या आधी त्यांचं बिअरचं मशीन आलं. छोट्या फ्रिजएवढी पेटी, आत बिअरचं पिंप आणि गॅसचा सिलिंडर, दारावर चकचकीत तोटी. सोबत निरोप होता, "मशीन तुमच्याकडे नांदलं तर मीही नांदेन. नाहीतर मी आपला माझ्या घरी बरा."

सासूबाई गेल्यापासून ते त्या घरात एकटेच होते. एकटा माणूस आपण बरे असल्याचं फार ठासून सांगायला लागला की लेकीला ते खरं वाटेनासं होतं.

"बाबा आज दुपारी बघायला येतायत," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्याला नाही, मशीनला. आणि मला ते इथे राहायला हवेत."

पण तोटीतून बिअर आंबट येत होती. तोटी आतून धुवायची तर काढायला हवी, आणि काढायची तर तिच्या मानेभोवतीचं कडं सैल व्हायला हवं.

जावई पोहायला शिकवायचा. आयुष्यातल्या सगळ्या संकटांवर त्याच्याकडे एकच सल्ला होता, "अंग सैल सोडा." बुडणाऱ्याला, रडणाऱ्याला, काउंटरपलीकडच्या कारकुनाला, सगळ्यांना हाच. आता तो कड्यालाही तेच म्हणाला. कड्याने ऐकलं नाही.

त्याने रीतसर गॅस बंद केला, तोटी उघडून आतला दाब फुस्सकन सोडून दिला, कड्याच्या भोकात पान्याचा दात अडकवला, दांडा वर उभा धरला आणि जगातलं कुठलंही झाकण उघडतं तसा डावीकडे ओढला. दुपार जडावली होती. पडदा संथ श्वास घेत होता. जावयाने डोळे मिटले आणि सगळा भार पान्यावर टाकला.

काहीतरी फिरलं.

"सुटलं!"

"कडं नाही सुटलं," खिडकीशी उभी असलेली बायको म्हणाली. "समोरचं झाड कुठे गेलं रे?"

झाड शेजारच्या खिडकीत गेलं होतं. कड्याला आणखी आवळायला जागा उरली नव्हती, तेव्हा घराने जागा करून दिली होती. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. तसे तेही निमूट फिरले. कडं तेवढं हटून बसलं.

"थांबू का?"

"थांबतोस काय? ओढ."

त्याने ओढलं. झोपेत कोणी कूस बदलावी तसं घर सावकाश वळत गेलं. कपबशाही जाग्या झाल्या नाहीत. मागची खोली बाबांसाठी ठेवलेली. तिने जन्मात ऊन पाहिलं नव्हतं. तिच्यात ऊन आलं, तेही दबकत, चपला कुठे काढाव्यात हे न कळलेल्या पाहुण्यासारखं.

गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या अशा अवतारात शेजारचा शिंपी आला.

"तुमचं न्हाणीघर माझ्या दुकानासमोर आलंय."

"सॉरी हं. जरा कडं काढतोय."

"काढा की." शिंप्याने भिंत मापली. "शिवणीत जरा माया सोडायला हवी होती. घट्ट बांधलेल्या घराचं हे असंच होतं."

एवढ्यात बाबा आले. घराला एक फेरी मारूनच आले, कारण दार शोधावं लागलं.

"दार इकडे घेतलंत वाटतं," ते म्हणाले. हातातली बॅग त्यांनी खाली ठेवली नाही. मागच्या खोलीत डोकावले. "ऊन आहे."

"हो, आजच आलंय," लेक म्हणाली.

"आणि मशीन?"

जावयाने कड्याकडे बोट केलं. "बाबा, हे काढायचं कसं?"

"मला काय विचारता जावईबापू? हिची आई काढायची. मी गरम पाण्याचं फडकं गुंडाळायचो आणि बाजूला उभा राहून कोपर खायचो."

"कोपर?"

"बरगडीत. दर वेळी. म्हणायची, सरका की हो. मी काही सरकलो नाही."

"कुठल्या बाजूला उभे राहायचात?" लेकीने विचारलं.

बाबा बॅगेसकट मशीनच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले आणि डाव्या बरगडीवर हात ठेवला. "इथे."

जावई तोटीपाशी वाकला. कडं मागून, पेटीच्या बाजूने तोटीवर चढलेलं होतं. म्हणजे समोरून जे उघडणं वाटत होतं, ते आवळणं होतं.

"उजवीकडे ओढायचं होतं," तो बायकोच्या कानात म्हणाला. "पण आता ओढलं तर घर परत जाईल. ऊनही जाईल."

तिने बाबांच्या हातातली बॅग पाहिली. मग मागच्या खोलीत जाऊन तिने भिंतीला पाठ लावली. "ओढ. मी धरते." बाहेरून शिंप्यानेही खांदा दिला.

बाबांनी वाफाळतं फडकं कड्याभोवती गुंडाळलं. वाळून चिकटलेली बिअर मऊ व्हायला वेळ लागला. तेवढ्यात सगळ्यांना थोडी झोपही लागली. मग जावयाने पहिल्यांदाच स्वतःला सांगितलं, "अंग सैल सोड," आणि पाना उजवीकडे ओढला. कोपर थेट बरगडीत बसलं.

"आई गं!" बाबा म्हणाले, आणि कडं, कोणी घसा खाकरावा तसं, करकरून सुटलं.

घर हललं नाही. आता कडंच फिरत होतं, मग घराला फिरायचं कारणच उरलं नव्हतं.

तोटीत पिवळट राळ साचली होती. जावयाने ब्रशने ती काढली, बाबांनी एकेक वायसर पुसून दिला. पहिला ग्लास नुसता फेस आला. दुसरा घेऊन बाबा मागच्या खोलीत उन्हात बसले. बॅग मांडीवर. एक घोट घेतला आणि बरगडी चोळली.

"बरं नांदतंय," ते म्हणाले. "पण तोटी अधूनमधून काढून धुवावी लागते हं."

"धुवू की," लेक भिंतीला टेकूनच म्हणाली.

"धुवाल हो. पण उजवीकडे कोणीतरी उभं लागतं. त्याशिवाय निघत नाही ते."

त्यांनी बॅग पलंगाखाली सरकवली आणि डोळे मिटले. भिंतीपलीकडून, टाचण्यांमधून वाट काढत, शिंप्याचा आवाज आला, "सोडू का आता?"