स्लॅबचा दिवस

पहिलं घमेलं वर आलं आणि धर्मपालच्या खिशातला फोन वाजायला लागला. दोनदा त्याने वाजू दिला. तिसऱ्यांदा हात पँटीला पुसून फोन कानाला लावला. खाली मिक्सर गरगरत होता, त्या गदारोळात त्याला एवढंच कळलं की सफीकुल बोलतो आहे आणि पोलीस ठाण्यातून बोलतो आहे.

"उस्ताद, सकाळी साहाले उचलून आणलं आमाले. आठी जणाले. आधार दाखवलं, मतदानाचं कार्ड दाखवलं. साहेब म्हणते, इथला कोणी ओळखीचा माणूस आणा, लिहून देणारा. तुमी येता का?"

सफीकुल बंगालातल्या मालद्याचा. नऊ वर्षं अमरावतीत राहून त्याची बोली अशी मुरली होती की बाजारात भाजीवाली त्याच्याशी घासाघीस करताना त्याचं गाव विचारत नसे. सळई बांधणारे सातजण त्याच्या हाताखाली, आणि तो स्वतः धर्मपालच्या हाताखाली तयार झालेला. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात धर्मपाल तायडेने इतक्या पोरांच्या हातात ओळंबा दिला, पण तो सरळ धरणारा हा एकच निघाला होता.

धर्मपालने समोर पाहिलं. सळईच्या जाळीवर माल पडायला सुरुवात झाली होती. एकदा सुरू झालेला स्लॅब मध्ये थांबवत नाहीत. थांबला की जुना माल आणि नवा माल एकजीव होत नाही, तिथे सांधा राहतो, आणि तो सांधा पुढे जन्मभर गळतो. म्हणून मिस्त्री स्लॅब सोडून जात नाही. थोरला भाऊ वारला त्या दिवशीसुद्धा धर्मपाल स्लॅब उरकूनच घरी गेला होता, आणि भावकीत कोणी त्याला नावं ठेवली नव्हती.

"स्लॅब झाला का येतो," तो म्हणाला. "चार वाजतीन फार तर. बसून राय तिथंच."

"हो उस्ताद." मग जरा थांबून सफीकुल म्हणाला, "उत्तरेच्या बीमवर दोन जागी सळई ढिली राहिली हाय. आज सकाळी बांधणार होतो. तेवढी पायजा."

धर्मपालने तार आणि पकड घेतली आणि माल तिथवर पोचायच्या आत त्या दोन जागा बांधून टाकल्या.

हा स्लॅब नव्या मंडईचा होता. ही मंडई म्हणजे शहराच्या मधोमध पाच वर्षांपासून मांडून ठेवलेला तमाशा होता. काम अठरा महिन्यांत पूर्ण होणार असं लिहिलेला फलक रस्त्यावर उभा होता. त्याचा पत्रा गंजला, अक्षरं पडली, शेवटी फक्त पुढाऱ्यांचे फोटो तेवढे शाबूत राहिले. आधी नकाशा बदलला, मग पहिला ठेकेदार पळाला, मग दोन वर्षं खड्ड्यात पाणी साचून डासांची सोय झाली. तानुबाई फुलवालीचं दुकान जुन्या मंडईत होतं. ती पाच उन्हाळे त्या खड्ड्याच्या काठावर, डोक्यावर ओला रुमाल टाकून, झेंडू विकत बसली होती. दर वर्षी तिला सांगत, यंदाच्या दसऱ्याला तुझा ओटा पक्का. ती कधीपासूनच विश्वास ठेवत नव्हती, फक्त हो म्हणत होती.

आता काम थांबायचं ते माणसांवाचून. सळई बांधणारा कारागीर अमरावतीत बोटांवर मोजण्याइतका उरला होता. उन्हात तापलेली सळई हाताचं कातडं सोलते, ते काम पोरांना नको होतं. धर्मपालला त्यांचा राग नव्हता. त्याचा स्वतःचा पिंटू पुण्याला गोदामात खोकी उचलत होता, पण बापाची थापी त्याने हातात धरली नव्हती. मग शेखर ठेकेदाराने सफीकुलची मालद्याची माणसं आणली आणि बावीस दिवसांत या मजल्याची जाळी उभी राहिली.

तेव्हा पुढारी ओमप्रकाशभाऊंना स्थानिकांची आठवण झाली. निवडणूक जवळ आली होती, हे सांगायला नको. महिन्यापूर्वी ते चहाच्या टपरीवर एक अर्ज घेऊन आले. मंडईचं काम स्थानिक कारागिरांना द्यावं, असा मजकूर. धर्मपालला त्यांनी खुर्ची दिली, ज्येष्ठ कारागीर म्हणून चारचौघांत ओळख करून दिली. चाळीस वर्षांत त्याला कोणी ज्येष्ठ म्हटलं नव्हतं, कारागीरही क्वचितच. त्याने पहिलं पान नीट वाचलं, ते त्याला पटलं, आणि त्याने भाऊंनी दाखवलेल्या जागी सही केली.

त्या अर्जाचे स्थानिक आज स्लॅबला येणार होते. यादीत तेवीस नावं होती. आले सातजण. त्यातले दोघे फोटो काढून जेवणाच्या आधीच गेले, एकाच्या पाठीत उसण भरली. बाकीचे चौघे आणि मेळघाटातल्या सेमाडोहकडची काही कोरकू माणसं, एवढ्यांवर स्लॅब ओढायचा होता. मधे मिक्सरचा पट्टा तुटला, त्यात तास गेला. धर्मपाल ओरडत होता, शिव्या देत होता, स्वतः व्हायब्रेटर धरून घोटाभर मालात उभा होता. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. कित्येक वर्षांनी तो एवढ्या मोठ्या स्लॅबचा मुख्य मिस्त्री होता आणि सगळे त्याच्या आवाजाने हलत होते.

चार वाजता अजून एक बाजू बाकी होती. त्याने शेखरला बोलावून ठाण्याचं सांगितलं.

"मी फोन केला हाय साहेबाले," शेखर म्हणाला. "संध्याकाळपर्यंत सुटतीन. तुमी स्लॅब पाहा, मिस्त्री. तिकडं जाऊन तुमी काय करसान?"

धर्मपालने ते मानलं. मानायला सोपं होतं.

साडेपाचला शेवटचं घमेलं उत्तरेच्या कोपऱ्यात पडलं. खाली जेवण तयार होतं, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. स्लॅबच्या दिवशी मालकाने जेवण घालायचं, हा सगळीकडचाच रिवाज. पण धर्मपालच्या साइटवर त्यात एक नियम जास्तीचा होता. पहिलं पान सळई बांधणाऱ्याचं. गिलावा करणाऱ्याचं काम लोक पाहतात, फरशीवाल्याचं पाहतात, पण सळईवाल्याचं काम मालाखाली कायमचं गाडलं जातं. ते पुन्हा कोणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून त्याला आधी वाढायचं, असं धर्मपालच्या उस्तादाने त्याला शिकवलं होतं.

त्या दिवशी पहिलं पान ओमप्रकाशभाऊंना वाढलं गेलं.

ते चार गाड्या घेऊन आले. त्यांच्या माणसांनी मिक्सरच्या मागे, स्लॅबच्या उत्तरेच्या कडेखाली बॅनर बांधलं. "भूमिपुत्रांच्या हातून मंडईचा स्लॅब पूर्ण." वर भाऊंचा मोठा फोटो, खाली एका गोलात धर्मपालचा, टपरीवर त्या दिवशी कोणीतरी काढलेला. भाऊंनी त्याच्या खांद्यावर लाल शाल टाकली, हातात नारळ दिला. मालाने भरलेले हात, म्हणून धर्मपालने नारळ मनगटांत धरला. फोटोवाल्याने त्याला हसायला सांगितलं आणि तो हसला.

मग त्याची नजर बॅनरच्या कोपऱ्यावर गेली. छापणाऱ्याने तिथे बारीक अक्षरांत छपाईची तारीख टाकली होती. ती कालची होती. काल दिवसभर सफीकुल आणि त्याची माणसं या जाळीवर वाकून सळई बांधत होती, त्यांना सकाळी उचलतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं, आणि इकडे भूमिपुत्र छापून झाले होते. कोणीतरी भरवलेला बुंदीचा घास धर्मपालने तोंडात तसाच धरला आणि वाळूच्या ढिगामागे जाऊन थुंकला.

सफीकुलचा फोन बंद लागला. शेखर म्हणाला, सुटले असतील, झोपले असतील. घरी आल्यावर दुर्गाबाईने आधी शाल पाहिली, मग नवऱ्याचं तोंड. सफीकुल कुठे आहे, तिने विचारलं. त्याने दिवसभराचं सगळं सांगितलं, टपरीवरच्या सहीसकट. तिने पाणी तापवलं, त्याच्या बोटांच्या बेचक्यांतलं सिमेंट खोबरेल लावून काढलं.

"आपला पिंटू पुण्यात कोण हाय मंग?" ती शेवटी म्हणाली. "तोई भायेरचाच ना?"

सकाळी ठाणं उघडं असतंच, पण लिहिणारा हवालदार दहाला आला. धर्मपालने स्वतःचं आधार, वीजबिल आणि एक कोरा कागद सोबत नेला होता. नऊ वर्षांपासून ओळखतो, चांगला माणूस आहे, जबाबदारी माझी, असं रात्रीच मनात जुळवून ठेवलं होतं.

हवालदार म्हणाला की गरज नाही, सोडलं त्यांना काल. कागद बरोबर होते सगळ्यांचे. दुपारीच खात्री झाली होती.

"कागद बरोबर होते त मंग आणलं काहून?"

"अर्ज होता," हवालदार म्हणाला. त्याने फाइल चाळून दोन पानं काढली. पहिलं पान धर्मपालच्या ओळखीचं होतं. दुसऱ्यावर लिहिलं होतं की या कामावर परदेशी घुसखोर असल्याचा आम्हा सर्वांना दाट संशय आहे, तरी त्यांची चौकशी करून त्यांना हाकलून द्यावं. खाली सह्या. तिसरी सही वळणदार होती, तायडेतल्या डेची मात्रा लांब ओढलेली.

"हे तुमीच ना?" हवालदाराने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

धर्मपालने मान हलवली.

"एकजण बसून होता बाहेर," हवालदार फाइल बांधता बांधता म्हणाला. "बाकीचे गेले गाडी पकडाले, हा उठेचना. म्हणे माझे उस्ताद येणार हायेत, चार वाजता सांगितलं हाय. सहा वाजले तरी बसून. मग ते ठेकेदाराचे लोक आले, म्हणे साइटवर येऊ नका आता, वातावरण खराब हाय. तवा उठला."

बाहेर एक सिमेंटचा बाक होता. धर्मपालने त्याच्याकडे पाहिलं, पण त्यावर बसला नाही. आपण वाचलं असतं तर सही केली नसती, असं तो स्वतःला सांगून पाहत होता. पण दुसरं पान उलटायला हात का गेला नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. कोणीतरी खुर्ची दिली होती. एवढ्याशा खुर्चीसाठी आपण विकले गेलो, याची त्याला इतकी किळस आली की रस्त्यावरच्या नळावर त्याने दोनदा तोंड धुतलं.

तो सरळ मंडईवर आला. साडेअकराचं ऊन, वैशाखाचं. साइटवर चिटपाखरू नव्हतं. स्थानिकांची यादी आज कोणाला आठवली नव्हती, कोरकू माणसांना शेखरने दुसऱ्या साइटवर नेलं होतं. बॅनर मात्र होतं. धर्मपाल शिडीने वर गेला. पहाटेपासून स्लॅबवर पाणी पडायला हवं होतं. थेंब पडला नव्हता. काँक्रीट पांढरं पडत चाललं होतं आणि उत्तरेच्या कोपऱ्यात केसाएवढ्या बारीक चिरा उमटायला लागल्या होत्या.

त्याने फोन लावला. या वेळी लागला. मागे रेल्वेचा खडखडाट होता.

माफी मागायची होती, पण शब्द गोळा होईनात. "मी येणार होतो," एवढंच तो म्हणाला.

"मालूम हाय, उस्ताद," सफीकुल म्हणाला. "स्लॅब सोडून कसे येसान?"

धर्मपालला वाटलं, याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सहीचं सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि सांगितलंही, एका दमात, दुसऱ्या पानासकट. पलीकडे नुसता गाडीचा आवाज येत राहिला.

"आमाले ठाण्यात दाखवलं होतं ते," सफीकुल म्हणाला. "तुमचं अक्षर मी ओळखतो."

म्हणजे हे पाहूनही तो सहापर्यंत बाकावर बसून होता. धर्मपाल तापलेल्या स्लॅबवर खाली बसला.

"परत येशीन का रे?"

"नाई उस्ताद." मग नेहमीच्या, कामाच्या आवाजात त्याने विचारलं, "पाणी मारलं का? उत्तरेचा कोपरा शेवटी पडला अशीन. तिथं सावली नाई. गोणपाट टाकजा वरून, नाईतर तडकते."

फोन ठेवून धर्मपालने गोणपाट शोधलं. शेखरने ते आणलंच नव्हतं. मग खाली उतरून त्याने मोटार सुरू केली, पाइप वर ओढला. वाळू-सिमेंट कालवून त्याने स्लॅबवर वीतभर उंचीचे बांध घातले, शेतातल्या वाफ्यांसारखे, आणि एकेक वाफा भरायला घेतला. तास लागला, दीड लागला. खालून तानुबाईने हाक मारून विचारलं की मिस्त्री, एकटेच काहून, बाकीचे कुठी गेले. त्याने पाण्याच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं.

कोपऱ्यात उतार होता, तिथे पाणी ठरेना. तो घरी गेला. दुर्गाबाईने खुंटीला अडकवलेली लाल शाल त्याने काढली. कशाला, असं तिने विचारलं नाही. तिने घरातलं एक जुनं लुगडंही त्याच्या हातात दिलं.

चिरा पडल्या होत्या तिथे त्याने दोन्ही कपडे अंथरले, कडांवर विटा ठेवल्या आणि पाइप सोडला. शालीचा रंग कच्चा निघाला. लाल पाणी वाहत वाहत स्लॅबच्या कडेवरून खाली बॅनरवर टपकायला लागलं. धर्मपालने पाइप धरून ठेवला. एकवीस दिवस पाणी मारावं लागतं.