अठरा नंबरच्या दाराजवळची पाटी

मी अठरा नंबरच्या दाराजवळची पाटी बोलतेय. संगमरवराची आहे, चार स्क्रूंनी भिंतीत आवळलेली. 'चित्रकार ओक्ताव्ह लेर्मिए या घरात राहत असत' असं माझ्यावर कोरलंय. ते खोटं आहे.

पॅरिसला खेटून असलेल्या आमच्या मोंतारेलला घाई नडली. शेजारच्या गावाने कुणा गायिकेची पाटी लावली, तेव्हा आमच्या नगराध्यक्षांना राहवेना. महायुद्धानंतर गल्लीतले घरनंबर बदलले होते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. चित्रकार राहायचा समोर, आता ओदेत राहते त्या घरात. मला ठोकलं सोलांज आणि गास्तों या नवराबायकोच्या दाराशी. तेव्हा दोघंही खूश होती. दर मे महिन्यात नगराध्यक्ष तिरंगी पट्टा घालून येतात, फुलं ठेवतात, सगळे वाइन पितात आणि पांगतात.

मग गास्तोंचे पाय गेले. चाकांची खुर्ची आली, पण ती दारातून बाहेर निघेना. सोलांजने दार रुंद करायची परवानगी मागितली. नगरपालिकेचा माणूस माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, हे थोर माणसाचं दार. याला हात लावता यायचा नाही."

"तुमचा थोर माणूस मेलाय. माझा जिवंत आहे," सोलांज म्हणाली.

"नियम आहे बाई, मी काय करू?"

ओदेतला खरं ठाऊक आहे. तिच्या आजीनेच त्या चित्रकाराला जेवूखाऊ घातलं होतं. ओदेतची मुलगी गल्लीतच तिला म्हणाली, "आई, सांगून टाक ना एकदाचं."

"आणि ते लचांड माझ्या भिंतीला लागू दे होय? आधी गॅरेजचं दार होऊ दे, मग सांगते."

गॅरेजचं दार झालं. मग खिडक्यांचं काम निघालं. ओदेत अजून गास्तोंसाठी सूप घेऊन येते, आपुलकीने चौकशी करते आणि माझ्याकडे न बघता परत जाते. मला तिचा फार राग येतो. पण दगडाला ओरडता येत नाही.

गास्तोंला नदीकाठी गळ टाकून बसायचं असतं. तो माझ्या शेजारच्या खिडकीत बसतो. पर्यटक माझा फोटो काढतात, तेव्हा तो हाक मारावी तशी काचेवर बोटं वाजवतो. त्यांना वाटतं म्हातारा हाकलतोय. ते माफी मागून सरकतात.

तुम्ही कधी आमच्या गल्लीत आलात, तर माझा फोटो काढू नका. आधी खिडकीतल्या गास्तोंला हात करा. आणि जमलं तर येताना एक स्क्रूड्रायव्हर आणा.