दोनदा वाजून बंद

पेरूच्या बागेला पाणी ऊन चढायच्या आत द्यावं लागतं. तातेराव दांडातलं पाणी वाफ्यात वळवत होता, पण कान खोलीकडं होता. सात वाजले आन् आत त्याच्या बायकोचा, रेणुकाचा फोन दोनदा वाजून बंद झाला. तिनं तो उचलला नाही, परत कुणाला लावलाही नाही. नुसती गालात हसली आन् भाकरी थापू लागली.

महिनाभर हेच चाललेलं. हैदराबादच्या कडेला ही बाग तातेराव राखायचा आन् रेणुका दिलसुखनगरला पोरींच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला जायची. तिथल्या वॉर्डन कुसुमताईंनी नवा मोबाइल घेतला, तेव्हा जुना हिला दिला. तातेरावाला आधी मिरवल्यासारखं झालं, मग ते यंत्र डोळ्यांत सलू लागलं. कुणाचा फोन म्हणून विचारलं तर ती म्हणाली, कंपनीचा असतोय. कंपनीच्या फोनला माणूस हसतं होय? संशय म्हणजे हरळी. वरनं कितीबी खुरपा, खाली मूळ पसरतंच. ती कामावरनं अर्धा तास उशिरा आली तरी तो आता बसचा नंबर विचारायचा.

एक दिवस ती न्हाणीत असताना त्यानं फोनातला तो नंबर बिडीच्या कागदावर उतरवून घेतला. आकडे तेवढे त्याला यायचे. दुपारी दिलसुखनगर गाठलं, एसटीडीच्या डब्यात शिरला आन् नंबर लावला. पलीकडं कुणी बाप्या खोकला. तातेरावानं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. आईवरनं सुरू केलं, तंगडं मोडण्यापर्यंत नेलं. दम लागला तेव्हा थांबला.

पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "तातेराव, आवाज वळखला म्या. रेणुकाचा बाप बोलायलोय."

 सहा वर्सांमागं तातेरावानं बैल विकून नांदेडकडचं गाव सोडलं, तेव्हा ह्याच हणमंतरावानं भर पारावर त्याला मातीला पाठ दाखवणारा म्हटलं होतं. त्या रागात तातेरावानं रेणुकाला शपथ घातली होती, बापाशी एक शबुद बोलायचा नाही.

"ती बोलत न्हाई," म्हातारा म्हणाला. "तुमची शपथ पाळती. माजं काळीज कमजोर झालंय म्हून पोरानं फोन घेऊन दिला, तिला निरोप धाडला. रोज दोनदा वाजवतो. वाजला मंजे म्या जित्ता हाये, एवढंच तिला कळतंय." आन् त्यानं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, सव्वासात झाले. फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रेणुकाची भाकर तव्यावर करपली. चौथ्या दिवशी ती फोन हातात धरून उंबऱ्यावर बसली, कामाला गेलीच नाही. शपथ आडवी, म्हणून विचारता येईना. तातेरावाला तिच्याकडं बघवेना.

"तुजा बाप धड हाये," तो म्हणाला. "म्याच त्याला शिव्या दिल्या, म्हून वाजवत नसंल. मला वाटलं, दुसरा कुणी हाये."

रेणुका रडली नाही. तिनं फोन उंबऱ्यावर ठेवला.

"आईवरनं दिल्या?"

"हाव."

तिनं चूल विझवली, पिशवीत दोन लुगडी कोंबली. "चला. फोनवर शिव्या दिल्या, आता त्याच्या म्होरं जेवाया बसा."

बागेला पाणी कोण देईल, असं तो पुटपुटला. शेजारच्या प्रमोदला सांगते, म्हणाली. बसमध्ये ती खिडकीशी बसली, तो मागच्या बाकावर.

म्हातारा अंगणात बाजेवर बसला होता.  दोघांना बघून त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, सुनेला ताट वाढायला सांगितलं. तातेराव मान खाली घालून पाटावर बसला. पहिला घास तोंडात फिरत राहिला, काही केल्या खाली उतरेना.

हणमंतरावानं तांब्या त्याच्याकडं सरकवला.

"पाणी घ्या, जावईबापू. जवारीची भाकर हाये, कोरडी लागती."