गडद तपकिरी

कौसल्याचे केस पस्तिशीतच पिकायला लागले आणि पंचेचाळिशीपर्यंत भांगाच्या दोन्ही बाजूंनी पार पांढरे झाले. पण त्यापायी तिनं कधी जीव जाळला नव्हता. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात ती सिस्टर होती. पहिलटकरणी घाबरून यायच्या आणि तिचे केस पाहून जरा सावरायच्या. या बाईच्या हातून पुष्कळ जणी सुखरूप सुटल्या असतील, असं त्यांना वाटायचं. वडील लवकर गेले. धाकट्या मनोहरला शिकवून नोकरीला लावता लावता तिचं लग्नाचं वय सरलं, आणि तिनंही ते मुकाट्यानं सरू दिलं.

ब्याऐंशी सालच्या हिवाळ्यात मात्र पारशिवनीहून स्थळ आलं. रुपराव मास्तर, पन्नाशीचे, विधुर. मुलगा भिलाईला नोकरीत. रविवारी चारच्या बसनं ते भेटायला येणार होते. मनोहरची बायको जयवंता हरखून गेली. शनिवारी कौसल्या ड्यूटीवरून येते न येते तोच ती म्हणाली, "अक्का, आता काहीही म्हणा, केस रंगवाच लागते."

"काहून? माहं वय माहीत आहे त्यायले."

"माहीत असणं वेगळं, अन् दारातच दिसणं वेगळं."

जयवंताचं मन मोडायचं नाही म्हणून कौसल्या तिच्यासोबत धरमपेठेत गेली. दुकानदारानं काचेवर एकेक वस्तू मांडली. मेंदी तिनं आधीच बाजूला सारली; वॉर्डातल्या आयाबाईचं डोकं मेंदीनं कसं संत्र्यासारखं झालं होतं, ते ती रोज पाहत होती. दोन बाटल्यांचा एक डबा होता, पण त्याचा वास नाकात बसला. राहिल्या पाण्यात कालवायच्या पुड्या. एक काळी, एक गडद तपकिरी.

"काळीच घ्या," जयवंता म्हणाली. "काळेभोर दिसले पाहिजेत."

चष्मा सावरत कौसल्यानं दोन्ही पुड्या हातात घेतल्या आणि तिथंच अडली. आपले केस मुळात कोणत्या रंगाचे होते, हे तिला आठवेना. हजारदा वेणी घातली असेल, पण रंग डोळ्यांपुढे येईना. गंमत अशी, की ते आठवावं असं तिला आता फार वाटायला लागलं. तिनं दोन्ही पुड्या विकत घेतल्या.

रात्री जेवताना तिनं मनोहरला विचारलं, "काळेच होते ना गा माहे केस?"

"मले काय माहीत? मले तर तू अशीच आठवते." मग घास हातातच ठेवून तो हसला. "थांब. तू न्हाऊन अंगणात उन्हात बसायची, अन् मी आईले म्हणायचो, अक्काच्या केसात गूळ सांडला. मग तू मले चापट मारायची."

गूळ! कौसल्याला ते ऊन, ते ओले केस आणि पाठीवरचा त्यांचा जड भार लख्ख आठवला. तिनं पुडीतल्या कागदावर लिहिल्याप्रमाणे तपकिरी रंगाचा थेंब कानामागं लावून पाहिला. सकाळपर्यंत खाज नाही, की पुरळ नाही. काळी पुडी तिनं जयवंताला देऊन टाकली.

"तुमच्याच मनासारखं करा," जयवंता जरा फुगून म्हणाली. पण दुपारी जुना टूथब्रश आणि चिनी मातीची वाटी घेऊन तीच उत्साहानं बसली.

पुढच्या खोलीत उजेड चांगला, म्हणून कौसल्या तिथं स्टुलावर बसली. खांद्यावर फाटका टॉवेल, कपाळाच्या कडेनं व्हॅसलीन. पाहुण्यांना आणायला मनोहर वेळेच्या बराच आधी बसस्टँडवर गेला होता. शेवटची बट रंगवून जयवंता ब्रश धुवायला आत गेली, आणि दार वाजलं.

"ये गा, उघडंच आहे," मनोहर समजून कौसल्या म्हणाली.

आत आले ते धोतर-कोट घातलेले, टक्कल पडलेले एक उंच गृहस्थ. हातात वांग्यांची पिशवी. "मी रुपराव. गांधीबागेतल्या एका कापडवाल्याची जीप मिळाली, म्हणून लवकर पोचलो जी."

कौसल्याला वाटलं, धावत आत जावं. पण आयुष्यभर तिनं बायकांना त्यांच्या सगळ्यात अवघड वेळी पाहिलं होतं आणि सांगितलं होतं, लाजू नको वं, कोणावरही वेळ येते. आज आपली आली. ती बसून राहिली.

"मी आता उठू शकत नाही," ती म्हणाली. "अर्धा तास ठेवावा लागते हे."

"मग बसा ना. मले काही घाई नाही." ते समोरच्या खुर्चीत टेकले आणि तिच्या डोक्याकडं पाहत म्हणाले, "हे माह्यासाठी चाललं का?"

"कालपर्यंत तुमच्यासाठीच होतं. आता माह्यासाठी आहे."

रुपराव मोकळे हसले. "माह्या डोक्यानं तो खर्चच वाचवला."

ब्रश धुऊन आलेली जयवंता दारातच थिजली आणि तशीच मागं फिरून चहा ठेवायला पळाली.

डोक्याला असा लेप फासून बसल्यावर लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कौसल्यानं सरळ सांगायचं ते सांगून टाकलं. "मी नोकरी सोडणार नाही. रात्रपाळी असली की बारापर्यंत झोपते, अन् कोणी उठवलं तर मले राग येते."

"मी काहून उठवू? सैपाक येते मले. पोळ्या गोल होत नाही, एवढंच." त्यांनी वांग्यांची पिशवी पायाशी सारली. "बायको गेली तवापासून सहा वर्सं मीच करून राहिलो. एकट्यापुरता करायचा कंटाळा येते जी."

हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. तेवढ्यात रंगाचा ओघळ तिच्या भुवईकडे उतरला. रुपरावांनी खिशातला घडीचा पांढरा रुमाल काढून पुढं केला.

"अहो, डाग जाणार नाही याचा."

"न जावो."

तिनं तो घेतला.

मनोहर घामाघूम होऊन परतला, तो दारातूनच ओरडत, "बस आली, पण माणूस नाही आला!" खुर्चीतला माणूस पाहून तो असा वरमला, की कौसल्या हसत हसतच न्हाणीत गेली.

केस धुऊन, पुसून ती मागच्या अंगणात उन्हाला उभी राहिली. जयवंतानं आरसा धरला. काळेभोर नव्हतेच ते. कडेला उन्हात तांबूस झाक मारत होते. "बाई!" जयवंता म्हणाली. "हेच शोभते तुमाले." रुपराव चहाची कपबशी हातात घेऊन दाराशी उभे होते. पण चहा तसाच निवत होता, आणि त्यांच्या ते लक्षात नव्हतं.

संध्याकाळच्या बसनं परत जाताना त्यांनी मनोहरला लग्नाची तिथी काढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कौसल्या वॉर्डात गेली, तेव्हा सगळ्याजणी तिच्याकडं टकमका पाहायला लागल्या, पण केसांचं नाव काढायचा धीर एकीलाही होईना. शेवटी खिडकीजवळच्या खाटेवरची बाळंतीण म्हणाली, "सिस्टर, आज काही तरी वेगळंच दिसून राहिलं. चष्मा बदलला का जी?"

"नाही वं," तिचं लेकरू उचलून घेत कौसल्या म्हणाली, "लग्न ठरलं माहं."