मागणारं पिल्लू

तळ्याकाठच्या भाड्याच्या खोलीत आम्ही आठवडाभरासाठी आलो होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे पंचेचाळिशीचा. गावभरची घड्याळं दुरुस्त करतो, पण घरात मिठाचा डबा कोणता ते त्याला ठाऊक नाही. आई गेल्यापासून त्याचं ताट मीच वाढते. आता मी लग्न करणार होते, तेही या वयात, आणि त्याला ते सांगायला म्हणूनच इथे घेऊन आले होते. तीन दिवस झाले तरी माझं तोंड उघडत नव्हतं.

तो पायऱ्यांवर बसून सीगल पक्षी बघायचा. एक पांढरी मादी ओल्या गवतावर भराभर पाय आपटायची. पाऊस आला असं वाटून गांडुळं वर यायची आणि ही टिपायची. मागे तिचं तपकिरी पिल्लू. अंगाने आईएवढं झालेलं, तरी मान आखडून किरकिरत तिच्या चोचीवर टोचे मारायचं. ती तोंड फिरवून चालू लागायची.

"ही आई आहे की कोण?" भाऊ चिडला. त्याने पावाचा तुकडा पिल्लापुढे टाकला. पिल्लू नुसतं चोच उघडून उभं राहिलं आणि दुसऱ्याच पक्ष्याने तुकडा पळवला. दुसऱ्या तुकड्याचंही तेच झालं.

"आपण उचलायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही," मी म्हणाले. "कसं असेल? सगळं आयतं मिळालंय."

"मग उपाशी मरू द्यायचं?"

"मरत नाही कुणी."

माझी जीभ तिखटच. एवढं बोलले, तसं उरलेलंही बाहेर पडलं. "घरी गेलो की मी वेगळी राहणार आहे. लग्न करतेय."

त्याचा हात थांबला. "कोणाशी?"

"किल्लीवाल्याशी."

"मी किल्ली हरवली की येतो तो?"

"तोच."

"म्हणजे दर वेळी मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेत होतो," तो म्हणाला. हसू मात्र दोघांनाही आलं नाही.

मी उत्तरं पाठ करून आले होते. शेजारच्या काकू डबा देतील, रविवारी मी येईन. तरी भीती वाटत होती, कारण तो रडला असता तर मी थांबले असते. किल्लीवाल्याला नाही म्हटलं असतं आणि पुन्हा ताट वाढत बसले असते.

तो रडला नाही. गवताकडे बघत बसला. मादी पाय आपटत होती आणि पिल्लू तिच्या पायांकडे बघत होतं.

"ताई," तो म्हणाला, "तू कायम माझ्यानंतर जेवतेस. काही उरलं तर. तो तुला आधी वाढेल ना?"

मला वाटायचं, ताटापलीकडे त्याला काही दिसत नाही. या प्रश्नाचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं.

"वाढेल," मी कसंबसं म्हणाले आणि मलाच रडू फुटलं.